जोहार : दुर्गम होण्याआधी

‘दुर्गम’ हा शब्द आपण पर्वतांना सहज लावतो. कुठून दुर्गम, हे सांगायची गरज वाटत नाही. दिल्ली, मुंबई, निदान रेल्वेचे शेवटचे स्टेशन गृहीत असते. उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातले जोहारचे खोरे पाहताना मात्र हा शब्द तपासून घ्यावा लागतो.

मिलम हिमनदीतून गोरीगंगा निघते. तिच्या वरच्या खोऱ्यात मिलम, बुर्फू, मर्तोली, टोला, लस्पा अशी गावे आहेत. मिलमची उंची सुमारे ३,४०० मीटर. पश्चिमेला ७,८१६ मीटरचे नंदादेवी शिखर आणि त्याची पूर्वेकडची जोडीदारीण, खाली मुनस्यारीसमोर पंचाचूलीची पाच शिखरे. मुनस्यारीहून मिलमला पायी जायचे तर तीन-चार दिवस हवेत. आज इथे येणारे बहुतेक जण गिर्यारोहक, पदभ्रमण करणारे किंवा सीमेवरचे जवान. पण शंभर वर्षांपूर्वी मिलम हे कुमाऊंमधल्या मोठ्या गावांपैकी एक होते, कारण ते वाटेवर होते.

ही वाट तिबेटकडे जात असे. मिलमच्या वर ऊंटा धुरा, जयंती आणि कुंगरी बिंगरी अशा तीन खिंडी एकापाठोपाठ एक येतात. तिन्ही ५,००० मीटरहून उंच. वर मुक्काम करणे जिवावरचे, म्हणून शक्यतो त्या एकाच दमात ओलांडत. उन्हाळ्यात जोहारचे शौका व्यापारी धान्य, गूळ आणि कापड घेऊन ग्यानिमाच्या बाजारात जात. परतताना मीठ, लोकर आणि टाकणखार आणत. ओझे वाहायला शेळ्या-मेंढ्या असत. त्यांच्या पाठीवरच्या जोडपिशव्यांना करबच म्हणत. हिवाळा लागला की अख्खे कुटुंब खालच्या उबदार खोऱ्यांत उतरे. एका घराला दोन-तीन गावे असणे इथे नवलाचे नव्हते.

बाहेरचे लोक त्यांना भोटिया म्हणत, भोट म्हणजे तिबेटच्या बाजूचे. तिबेटच्या दृष्टीने ते दक्षिणेकडचे. दोन्हीकडून ‘पलीकडचे’ ठरलेल्या या माणसांचा व्यवहारच मुळी दोन्ही बाजूंना समजण्यावर चाले. त्यांची रंगकस ही तिबेटी-ब्रह्मी कुळातली जुनी भाषा ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात नोंदलेली आहे. आज ती कोणी बोलत नाही. घरात कुमाऊंनी वळणाची बोली आली, व्यापारासाठी तिबेटी टिकली. प्रत्येक व्यापाऱ्याचा तिबेटात ठरलेला मित्र असे आणि हे नाते वडिलांकडून मुलाकडे जाई. करार करताना एक दगड फोडून अर्धा-अर्धा दोघे ठेवत. पुढे वाद निघालाच तर तुकडे जुळवून पाहायचे. तौलनिक साहित्य शिकणाऱ्याला इथे ग्रीक ‘सिंबोलॉन’ आठवते. आज जगभर प्रतीकासाठी वापरला जाणारा ‘सिंबल’ हा शब्द अशाच फोडून वाटून घेतलेल्या खुणेवरून आला आहे.

या विश्वासाचा एक वेगळाच उपयोग एकोणिसाव्या शतकात झाला. तिबेट युरोपीयांना बंद होते, पण हिमालयातल्या व्यापाऱ्यांना नव्हते. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने हे हेरले. मिलमच्या शाळेत शिक्षक असलेल्या नैनसिंह रावत यांना १८६३ मध्ये डेहराडूनला प्रशिक्षण देण्यात आले. प्रत्येक पाऊल एकाच लांबीचे टाकायचे, शंभर पावलांना माळेचा एक मणी ओढायचा. माळ १०८ ऐवजी १०० मण्यांची होती, प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद होते. १८६५ मध्ये ते काठमांडूहून निघाले, लडाखी व्यापाऱ्याचा वेश घेतला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून त्यांनी शहराची उंची काढली, ताऱ्यांवरून अक्षांश. परतीची वाट मानसरोवरावरून. सारा मार्ग सुमारे १,२०० मैलांचा, पावलांनी मोजलेला. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

नैनसिंह यांचे कौतुक करताना एक गोष्ट बहुधा निसटते. त्यांना वाट मिळाली ती केवळ वेशामुळे नव्हे. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, त्यांच्यासारख्या बोलणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने व्यापार केला होता, म्हणून व्यापाऱ्याचा वेश पुरेसा ठरला. दगडाच्या अर्ध्या तुकड्यावर उभे राहिलेले नाते साम्राज्याच्या नकाशाच्या कामी आले. दोन भाषांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला हा पेच ओळखीचा आहे: दोन्हीकडची भाषा येते म्हणूनच कोणीतरी तुम्हाला कामाला लावते, आणि ते काम मित्राच्या भल्याचे असेलच असे नाही. नैनसिंह यांना चोर ठरवण्याचे कारण नाही, त्यांना निव्वळ वीर करून हा प्रश्न मिटवण्याचेही नाही. त्यांनी हिंदीत लिहिलेल्या रोजनिशा उमा भट्ट आणि शेखर पाठक यांच्या ‘एशिया की पीठ पर’ या ग्रंथामुळे वाचकांपर्यंत आल्या. एरवी ते दीर्घकाळ इंग्रजी अहवालांत मुख्यतः ‘पंडित’ या टोपणनावानेच वावरत राहिले.

नकाशे तयार झाले, पण वाट चालू राहिली. १९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी ज्या सहा खिंडी नावानिशी नोंदल्या, त्यांत कुंगरी बिंगरी होती. बाजारांच्या यादीत ग्यानिमाही होते. कराराची मुदत आठ वर्षांची. ती जून १९६२ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी युद्ध झाले. व्यापार थांबला. मित्रांकडची उधारी, तिकडे साठवलेला माल, दगडांचे अर्धे तुकडे, सगळे सीमेपलीकडे राहिले. १९६७ मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांतून अनेकांनी नवे आयुष्य उभे केले. १९९२ मध्ये लिपुलेखमार्गे तिबेटशी व्यापार पुन्हा सुरू झाला, पण ती वाट शेजारच्या ब्यांस खोऱ्यातली. जोहारची खिंड व्यापाराला पुन्हा उघडली नाही.

आता उन्हाळ्यात काही कुटुंबे वर जातात, बटाटा, फाफर आणि औषधी वनस्पती पिकवतात. मिलममध्ये कोरीव चौकटींची घरे छपरांविना उभी आहेत. मुनस्यारीत शेरसिंह पांगती यांनी उभारलेल्या संग्रहालयात जुनी भांडी, कपडे आणि व्यापाराची साधने जपलेली आहेत. जोहार दुर्गम झाले ते डोंगरांमुळे नाही. डोंगर तेव्हाही तेवढेच उंच होते.

आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, तसे तिथेही होते. मर्तोलीचे मर्तोलिया, बुर्फूचे बुर्फाल, टोलाचे टोलिया, लस्पाचे लस्पाल. डेहराडूनच्या किंवा दिल्लीच्या एखाद्या दारावर ही पाटी दिसली, तर ते एका गावाचे नाव आहे, आणि त्या गावातून एके काळी पुढे जायला वाट होती, एवढे लक्षात असावे.