इन्स्पेक्टर घोटे आणि चोरीला गेलेला एक रुपया

"एमएस्सी केमिस्ट्री केलंस, मग दिवसभर इन्स्पेक्टरच्या कादंबऱ्या काय वाचत बसतेस?" शाहूपुरीतल्या आमच्या घरमालकीण काकूंनी मागच्या आठवड्यात विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझा पीएचडीचा विषय आहे विष, रक्त, ठसे यांच्या तपासण्या कोर्टात पुरावा म्हणून कशा मान्य होत गेल्या, त्याचा इतिहास. पण या इतिहासात शिरलं की ब्रिटिश पोलीस-कादंबऱ्या टाळता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्या टाळायच्याही नाहीत. आज त्याबद्दलच लिहिते.

आधी एक फरक लक्षात घ्या. शेरलॉक होम्स किंवा प्वारो हे एकटे हुशार लोक. ते येतात, बघतात, उत्तर सांगतात. पोलीस-कादंबरीत असं होत नाही. तिथे ठाणं असतं, वरिष्ठ असतात, एकाच वेळी चार गुन्हे चालू असतात, अहवाल उशिरा येतो, दारोदार फिरून तेच प्रश्न विचारावे लागतात. इंग्लंडमध्ये हा प्रकार रुजला तो 1950 च्या दशकात. मॉरिस प्रॉक्टर हा लेखक स्वतः पूर्वी पोलीस शिपाई होता. जॉन क्रीसीने जे. जे. मॅरिक या नावाने 1955 मध्ये 'गिडियन्स डे' लिहिली, त्यात स्कॉटलंड यार्डच्या एका अधिकाऱ्याचा एक दिवस आहे. पुढे 1964 मध्ये रूथ रेंडेलची पहिली वेक्सफर्ड कादंबरी आली. आणि त्याच वर्षी आला आपला माणूस.

हो, आपलाच. मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. लेखक एच. आर. एफ. कीटिंग, पक्का इंग्रज. त्याची आधीची पुस्तकं अमेरिकन प्रकाशकांना फारच ब्रिटिश वाटत होती, म्हणून त्याने नवी जागा शोधली, ती थेट मुंबई. गंमत म्हणजे तेव्हा त्याने भारत पाहिलेलाच नव्हता. पहिल्या कादंबरीनंतर साधारण दहा वर्षांनी तो मुंबईत उतरला. नायकाचं नाव तो आधी घोष ठेवणार होता. ते आडनाव बंगाली आहे हे कळल्यावर घोषचा घोटे झाला. 'द परफेक्ट मर्डर' या त्या पहिल्या कादंबरीला ब्रिटनचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये तिच्यावर सिनेमा आला, त्यात घोटे झाला होता नसीरुद्दीन शाह.

कादंबरीत घोटेकडे दोन कामं आहेत. एका श्रीमंताच्या घरी परफेक्ट नावाच्या म्हाताऱ्या पारशी सेक्रेटरीवर हल्ला झालाय. तो मेलेला नाही, तरी सगळे त्याला 'परफेक्ट खून' म्हणतायत. आणि एका मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपया चोरीला गेलाय. घोटेला दोन्ही प्रकरणं सारख्याच निष्ठेने हाताळायची आहेत, कारण दोन्हींचा दबाव वरून आहे. सरकारी ऑफिसात काम केलेल्या कुणालाही हे हसवेल, आणि थोडं दुखवेलही.

या घोटेचा एक आधार आहे, डॉ. हान्स ग्रॉसचं 'क्रिमिनल इन्व्हेस्टिगेशन' हे जाडजूड पुस्तक. वाचताना मला वाटलं, कीटिंगने हे मजेसाठी घातलं असेल. शोधलं तर वेगळंच निघालं. ग्रॉस हे ऑस्ट्रियातले तपास दंडाधिकारी. त्यांचा जर्मन ग्रंथ 1893 चा. त्याचं इंग्रजी रूपांतर जॉन अॅडम आणि जे. कॉलियर अॅडम यांनी केलं, ते लंडनमध्ये नाही तर मद्रासमध्ये, 1906 साली, भारतातल्या कामकाजाला जुळवून. म्हणजे मुंबईच्या इन्स्पेक्टरच्या हातात ते पुस्तक असणं अगदी बरोबर आहे.

बोटांच्या ठशांचंही तसंच. वर्गीकरणाची पद्धत कलकत्त्यात तयार झाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी त्यात मोठं काम केलं, नाव मात्र राहिलं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं. 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय सुरू झालं, स्कॉटलंड यार्डमध्ये 1901 मध्ये. आपण ज्याला ब्रिटिश पद्धत म्हणून कौतुकाने वाचतो, तिचा बराच भाग इथल्या कचेऱ्यांत घडलाय.

पण ही पद्धत इथे वापरली कशी गेली, हा खरा प्रश्न. त्यासाठी बडोद्याला जाऊ या. 9 नोव्हेंबर 1874. रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सरबताचा घोट घेतला, चव बरी वाटेना म्हणून ग्लास ओतून दिला, तर तळाशी गाळ दिसला. तो रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासला आणि मुंबईला सरकारी रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. मुंबईची ही प्रयोगशाळा 1870 ची, म्हणजे तेव्हा जेमतेम चार वर्षांची. अहवाल आला: सोमल आणि हिऱ्याची पूड. संशय थेट मल्हारराव गायकवाडांवर. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीतल्या रावजी नावाच्या नोकराने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली, आणि त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. ती काढली अकबर अली या पोलीस अधिकाऱ्याने.

बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. रसायनात चूक काढण्यापेक्षा त्यांनी मारा केला त्या पुडीवर. ती आधी पट्ट्यात होती, की पोलिसांनीच ठेवली? आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. इंग्रजांनी दोषी म्हटलं. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. शेवटी एप्रिल 1875 मध्ये सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढलं, पण कारण दिलं गैरकारभाराचं.

केमिस्ट्रीवाली म्हणून मला या खटल्याने फार छळलंय. सोमल ओळखता येतो, त्यात वाद नाही. पण परीक्षानळीतला सोमल खरा असला तरी तो पट्ट्यात कसा आला हे नळी सांगत नाही. ते सांगतो कागद: कुणी उचललं, कुणासमोर, कधी सील केलं. लॅब नोटबुकमध्ये आम्हाला खोडाखोड चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही करायची. एमएस्सीला या नियमाचा मला वैताग यायचा. बडोद्याचं प्रकरण वाचल्यावर तो गेला.

आता कायद्याची एक गोष्ट. 1855 च्या मद्रास छळ आयोगाने पोलीस आणि महसूल खात्यातली मारहाण उघड केली. त्यानंतर 1861 मध्ये नियम आला की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात तो कलम 25 झाला. आज भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम 23 आहे. अपवाद एवढाच की कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. इंग्लंडमध्ये असा सरसकट नियम नाही. म्हणून इंग्लिश कादंबरीचा शेवट बऱ्याचदा चौकशीच्या खोलीत होतो. टेप चालू असते, वकील शेजारी बसलेला असतो, आणि आरोपी बोलतो. हाच प्रसंग आपल्या ठाण्यात घडला तर कोर्टात त्याची किंमत जवळपास शून्य. ज्या सरकारने दोन्हीकडे कायदे केले, त्याने इथल्या पोलिसावर तेवढा विश्वास ठेवला नाही.

आपणही ठेवला नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, घराघरांत त्या वाचल्या गेल्या. त्यांतले लोकांचे लाडके कोण? झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू. सगळे ठाण्याबाहेरचे.

आठवीत असताना मामाच्या गावी चोरी झाली होती. हवालदार आले, कपाटावर करड्या रंगाची पावडर टाकून ठसे घेतले आणि पंचनाम्यासाठी शेजाऱ्यांना हाक मारली. "काका, या की, दोन सह्या पाहिजेत." काका दारातूनच म्हणाले, "नको ओ साहेब, कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार?" तिसऱ्या घरी पंच मिळाला. तोवर हवालदार आमच्या ओट्यावर बसून शांतपणे चहा पीत होते, आणि मी त्या पावडरीकडे बघत होते. चोर सापडला नाही. माझा विषय मात्र बहुतेक तिथेच ठरला.

मला वाटतं, या कादंबऱ्यांची ओढ इथे आहे. ठाण्याची पायरी चढायला आपण घाबरतो. कादंबरी आपल्याला आत नेते, आणि तिथे कुणीतरी कंटाळवाणं काम नीट करतोय हे दाखवते. रुपयाचा तपाससुद्धा. हे खरं असावं अशी इच्छा घेऊन आपण वाचतो.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले. झडतीचं चित्रीकरण करायचंय, आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचंय, तशी व्यवस्था राज्यांनी टप्प्याटप्प्याने उभी करायची आहे. कागदावर हे उत्तम आहे. रावजीच्या पट्ट्याची झडती अशी चित्रित झाली असती, तर मल्हाररावांबद्दल आज आपल्याला थोडं अधिक ठाऊक असतं.

काकूंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "काकू, अभ्यासच आहे." त्यांनी पुस्तक उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "मग तो रुपया सापडतो का?" ते मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. वाचा.