तोरणावरून परतलेला वर

बायबलच्या जुन्या करारात आठ अध्यायांचं एक लहानसं पुस्तक आहे. मराठी बायबलमध्ये त्याचं नाव ‘गीतरत्न’. ते शलमोन राजाच्या नावावर सांगितलं जातं. वाचायला घेतलं तर हातात धर्मग्रंथ आहे असं वाटतच नाही. द्राक्षमळे, डाळिंबं, हरणाची पाडसं आणि एकमेकांसाठी झुरणारे दोन जीव. देवाचा उल्लेख शोधून काढावा लागतो. म्हणूनच हे पवित्र मानायचं की नाही, यावर यहुदी पंडितांत वाद झाला. तेव्हा रब्बी अकिवांनी ठामपणे सांगितलं की सगळे ग्रंथ पवित्र, पण हा परमपवित्र. यहुद्यांनी त्यात देव आणि इस्राएल पाहिले, ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्त आणि जीव. फ्रान्समधले मठाधिपती बर्नार्ड ११३५ पासून त्यावर प्रवचनं देत होते. ८६ प्रवचनं झाली आणि ११५३ मध्ये ते वारले, तोवर पोथी जेमतेम तिसऱ्या अध्यायाला लागली होती! आपल्याकडे चातुर्मासात महाराज एका गाथेवर चार-चार दिवस बोलतात, तसंच हे.

मला मात्र पाचवा अध्याय सोडत नाही. रात्री तो दार ठोठावतो. ती म्हणते, पाय धुऊन निजलेय, आता कशी उठू? उठून दार उघडते तो हा निघून गेलेला. ती शहरभर शोधत फिरते, पहारेकरी तिला मारतात, अंगावरची ओढणी काढून घेतात. देवाच्या प्रेमाचं चित्र म्हणून हे वाचायचं, तर ते मागे राहिलेल्या बाईच्या डोळ्यांनी वाचावं लागतं.

मराठीत ही गोष्ट एका घरातच घडली. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. ती गाडी गोंदियावरूनच जाते, आणि गोंदिया म्हणजे आम्हा बालाघाटकरांचं शेजारचं अंगण. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. टिळकांनी अभंग लिहिले, ख्रिस्ताला माउली म्हटलं. मराठी भक्ताला देव आधी आई म्हणूनच आठवतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आहेत, पण घराघरांत रुजली ती विठाई. नवऱ्याचा विरह कवितेत नव्हे, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला, रोजच्या जगण्यात. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सुरुवातीला सोवळं सोडलं नाही, आपलं स्वयंपाकपाणी वेगळं ठेवलं. एका घरात दोन चुली म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या सगळ्यातून स्वतःच्या मनानं वाट काढल्यावर. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्ण केलं.

हे वाचताना राजुल आठवल्याशिवाय कशी राहील? नेमिकुमारांची वरात दारापर्यंत आली. वऱ्हाडाच्या जेवणासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला, रथ फिरवला आणि ते थेट गिरनारला गेले. तेव्हापासून राजुलच्या विरहाची फागुकाव्यं, बारमासे आपल्याकडे शेकड्यांनी रचले गेले.

फरक इथे आहे. गीतरत्नातला प्रियकर निदान दार तरी ठोठावतो. लक्ष्मीबाईंनाही शेवटी नवरा भेटला. आपला देव वीतराग, त्याला राग नाही तसा लोभही नाही. राजुलनं प्रेम केलं तर परत काय मिळणार? कुणी म्हणेल, अशा देवावर प्रेम कसलं? पण तिनं त्याला परत बोलावलंच नाही, ती त्याच्या मागोमाग चालू लागली. गीतरत्नाच्या अगदी शेवटच्या ओळीतही ती प्रियकराला सुगंधी डोंगरांवर पळून जा असंच सांगते, हे मला फार जवळचं वाटतं.

उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात राजुलचा पुढचा प्रसंग आहे. पावसात भिजलेली साध्वी राजीमती एका गुहेत शिरते. तिथे नेमिनाथांचाच भाऊ रथनेमी साधू होऊन बसलेला. तिला पाहून त्याचं मन ढळतं. ती त्याला खडसावते, संयमाची आठवण देते आणि मार्गावर आणते. आपल्या बायकांच्या मंडळांत राजुलची गाणी रडण्यापाशीच थांबतात. गुहेतली राजुल कुणी फारशी गात नाही.