यंत्रांची मृत्युमिठी

अरुंद बोळांत दोन बैलगाड्या समोरासमोर याव्या, मागें आणखी गाड्यांची रांग लागावी, आणि कोणाचीहि चूक नसतां सर्वांचाच खोळंबा व्हावा, असा देखावा श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. गणकयंत्रांच्या इतिहासांत हाच प्रसंग १९६०च्या दशकांत उद्भवला. तोंपर्यंत एका वेळीं एकच काम करणारें यंत्र आतां अनेक कामें एकदम हातीं घेऊं लागलें होतें. एका कामानें फितीचें यंत्र अडवून छपाईयंत्राची वाट पाहावी, दुसऱ्यानें छपाईयंत्र अडवून फितीच्या यंत्राची, कीं दोन्ही कामें जागच्या जागीं थिजलीं! एकेकटीं चालविलीं तर तींच कामें सुरळीत पार पडतात; म्हणूनच हा दोष हुडकणें कठीण.

हॉलंडांतील आइंडहोव्हेन येथील तंत्रविद्यालयाचे प्राध्यापक डाइकस्ट्रा यांनीं १९६५ सालीं या अवस्थेस ‘मृत्युमिठी’ म्हटलें, आणि उपाय शोधण्यासाठीं ते सावकाराच्या पेढीवर जाऊन बसले. पेढीचें भांडवल १० हजार आहे असें समजावें. एका व्यापाऱ्याची कमाल गरज ८ हजारांची, दुसऱ्याची ६ हजारांची. दोघांनींहि ४-४ हजार उचलले आहेत. पूर्ण गरज भागली तर सर्व रक्कम परत येणार, अर्धवट भागली तर एक पैहि नाहीं. पहिला आणखी १ हजार मागतो. तिजोरींत २ हजार आहेत, तरी शहाणा सावकार नकार देतो. कारण दिल्यास उरणार १ हजार, आणि पहिल्यास हवेत ३, दुसऱ्यास २. कोणाचाच व्यवहार पुरा होत नाहीं. तेच २ हजार दुसऱ्यास दिले तर त्याचे ६ परत येतात व पहिल्याचीहि सोय लागते. हातीं असूनहि न देणें, यांतच या युक्तीचें मर्म आहे.

युक्ति सुंदर खरी, परंतु व्यवहारांत ती फारशी रुजली नाहीं. आपली कमाल गरज आधींच सांगणारें गिऱ्हाईक जसें विरळ, तसें कामहि! अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीचे हॅवेंडर यांनीं १९६८ सालीं साधा मार्ग मांडला. प्रत्येक साधनास क्रमांक द्यावा, व प्रत्येक कामानें चढत्या क्रमानेंच साधनें मागावीं. मग सर्वांची प्रतीक्षा एकाच दिशेनें वर जाते. तिचें वर्तुळ जुळतच नाहीं. १९७१ सालीं कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनीं कोंडीच्या ४ अटी एकत्र मांडल्या : साधन एका वेळीं एकाच्याच ताब्यांत असणें, हातचें न सोडतां दुसरें मागणें, दिलेलें बळानें काढून घेतां न येणें, आणि प्रतीक्षेचें वर्तुळ. यांतील एक मोडली तरी पुरे. हॅवेंडर यांनीं मोडली ती चौथी.

लिनक्सच्या गाभ्यांत २००६ पासून कुलुपांच्या क्रमावर असाच एक पहारेकरी बसविलेला आहे. चांचणीच्या वेळीं त्यास जागें ठेवितात. कोंडी प्रत्यक्ष होण्यापूर्वींच, नुसता उलटा क्रम दिसतांच, तो ओरडतो.