इंग्रजी क्रियापदांचीं शेपटें

इंग्रजी क्रियापदाच्या मागें 'अप', 'ऑफ', 'इन', 'थ्रू' असें एखादें चिमुकलें अव्यय लागलें, कीं मूळ अर्थाचा ठावठिकाणा राहत नाहीं. 'गिव्ह' म्हणजे देणें. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणें आणि 'गिव्ह इन' म्हणजे हार खाणें. हा घोटाळा आपल्याच मंदबुद्धीचा, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. पुढें कळलें कीं, खुद्द डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत, परकीयांस सर्वांत अधिक अडविणारी गोष्ट ती हीच, असें कबूल केलें आहे. इतकेंच नव्हे, तर 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा प्रचारांत आली ती लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळें.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला, आणि १८५३ सालीं आमचा वऱ्हाड इंग्रजी अमलाखालीं गेला. पुढें तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोंचली. तिचे उपकार मी विसरणार नाहीं. परंतु शब्दाखालीं शब्द मांडण्याची आमची जी खोड, ती या शेपटांपुढें फजित होई.

१९७२ सालची गोष्ट. मेहकर तालुक्यांतील आमच्या खेड्यांत मी नववींतला 'इंग्रजी जाणणारा' मुलगा. शेजारचे वृद्ध गृहस्थ शस्त्रक्रियेसाठीं मुंबईस गेले होते. तार आली : 'फादर पुल्ड थ्रू'. 'पुल' म्हणजे ओढणें, 'थ्रू' म्हणजे आरपार. म्हाताऱ्यास या लोकांतून पलीकडे ओढून नेलें, असा निवाडा मीं दिला. घरांत एकच आकांत उसळला. आजींचें कुंकू पुसण्याची वेळ आली. दिवेलागणीस मास्तर आले, त्यांनीं तार वाचली आणि सांगितलें, ''अहो, दुखण्यांतून पार पडले आहेत!'' ती माउली मला एका शब्दानेंही बोलली नाहीं. पण त्यानंतर त्या घरची तार माझ्याकडे कोणीं आणली नाहीं.

वास्तविक हा प्रकार आपणांस अनोळखी नाहीं. संस्कृतांत एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. वेदांत तर उपसर्ग धातूपासून दूरही उभा राहतो. इंग्रज 'टेक युवर शूज ऑफ' म्हणतो, तें त्याच जातीचें. मराठींत 'बोलणें' निराळें आणि 'बोलून बसणें' निराळें, हें कोणत्या मुलास शिकवावें लागतें? मग इंग्रजीचीं शेपटें तेवढीं यादी करून कां घोकावयाचीं?

२००० सालीं पहिलीपासून इंग्रजी आलें, तेव्हां आम्हां जुन्या शिक्षकांची पांचावर धारण बसली. मीं याद्या बाजूस ठेवल्या; टोपी घालून 'पुट ऑन', काढून 'टेक ऑफ' म्हणूं लागलों. मुलें हसत आणि लक्षांत ठेवीत. वरच्या वर्गांत मात्र मी ती तीन शब्दांची तार फळ्यावर लिहीत असें. १५ जुलै २०१३ रोजीं तारसेवा बंद झाली, तरी निवृत्तीपर्यंत हा क्रम सुटला नाहीं. आणि कोणी मूल 'बरे झाले' असें म्हणेपर्यंत मी ती पुसत नसें.