बीजगणितांतील एक दशस्थानी संख्या व तिचें पाठशोधन

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’ची हस्तलिखित पोथी ज्यांच्या संग्रहीं आहे, त्यांस आमची एक विनंति आहे. पोथीचा लेखनशक पाहण्यापूर्वीं त्यांनीं चक्रवालप्रकरण उघडावें, आणि तेथें १७६६३१९०४९ ही संख्या कशी लिहिली आहे तें पाहावें.

आचार्यांचा प्रश्न असा : कोणत्या वर्गास ६७ नें, तसेंच कोणत्या वर्गास ६१ नें, गुणून एक मिळविला असतां पुनः वर्गच येतो? ६७ चें उत्तर आटोपशीर आहे. कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८८४२. पण प्रकृति सहांनीं उणी होतांच कनिष्ठ २२६१५३९८० व ज्येष्ठ १७६६३१९०४९ इतकें वाढतें, आणि कनिष्ठ शून्य घेणें सोडल्यास याहून लहान पूर्णांकी उत्तर नाहींच. तें अंदाजानें सांपडणें अशक्य. आठाचा वर्ग एकसष्टांहून तिहींनीं अधिक, येथून आरंभ करून चक्रवालाच्या एकाच फेऱ्यांत कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप ऋण ४ येतो. मुळें दोहोंनीं छेदिलीं म्हणजे क्षेप ऋण १ होतो. पुढें ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सांगितलेली भावना चालविली कीं ३८०५ व २९७१८ हीं मुळें मिळतात. क्षेप अद्यापि ऋण १. त्यांची स्वतःशींच भावना केली कीं इष्ट उत्तर हातीं येतें. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवावा. आमची संख्या तीच.

हा ग्रंथ शके १०७२ चा. फ्रान्सांतील फर्मा यानें ६१ चाच प्रश्न इ. स. १६५७ मध्यें युरोपांतील गणितज्ञांपुढें टाकिला, हा योगायोग कुतूहलाचा खरा. पण आमच्या वाचकांस त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे.

श्लोकांत अक्षर चुकलें तर वृत्त ओरडून सांगतें. गद्यांत लिहिलेल्या अंकांस वृत्त नाहीं. त्यामुळें गणित न जाणणाऱ्या लेखकाच्या हातीं ते सहज बिघडतात. चार पोथ्यांत चार पाठ आढळल्यास बहुमत पाहण्याची आपली रूढ रीत येथें अगदीं निरुपयोगी आहे. एकाच अशुद्ध मूळावरून दहा नकला झाल्या तर दहा साक्षीदार होत नाहींत. उलट ही संख्या स्वतःच स्वतःची साक्ष देते : तिचा वर्ग करून एक वजा करावा व ६१ नें भागावें, भागाकार २२६१५३९८० चा वर्ग न निघेल तर पाठ भ्रष्ट.

इतका गुणाकार करण्याचा कंटाळा येणारांस नवांची ताळणी आठवेल. अंकांची बेरीज ४६, शेष १. पण शेवटचे ४९ उलटून ९४ झाले, अथवा मधलें शून्य गळालें, तरी ही ताळणी मुकाट राहते. आणि नकलकारांचे हे नेहमींचेच दोष. अकरांची ताळणी अधिक चोख, कारण १७६६३१९०४९ हिला ११ नें निःशेष भाग जातो. वरील दोन्ही दोषांत बाकी उरते व चूक उघडी पडते.

आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला व त्यास निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ मध्यें दान दिलें, हें चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखावरून सर्वांस विदित आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो लेख इ. स. १८६५ मध्यें प्रसिद्धीस आणिला. त्या मठांत हें उदाहरण पाटीवर सोडवून घेत असतील, असें आम्हांस वाटतें. निदान अशा ठिकाणीं उतरलेल्या पोथींत अंक शुद्ध असण्याचा संभव अधिक. म्हणून ज्यांच्या प्रतींत निराळे अंक असतील त्यांनीं ते सुधारून न घेतां, जसे आहेत तसेच, पत्रांकासह आम्हांस भवानीनगर, तालुका इंदापूर, येथें कळवावे. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, याचा माग त्या चुकांवरूनच लागणार आहे.