उजाडेपर्यंत घिरट्या

टाय सैल करा. खिशातलं पेन काढून द्या, चष्माही. उंच टाचांचे बूट घातले असतील तर ते आत्ताच उतरवा, कारण रबरी तराफ्याला एक टाच लागली की संपलं. लाइफ जॅकेट गळ्यात घाला, पण फुगवू नका. विमानाबाहेर पडल्यावर फुगवायचं. आता बसा. उजाडायला अजून बराच वेळ आहे.

तुम्ही 1956 सालच्या ऑक्टोबरात आलाय, होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या पॅन अॅमच्या स्ट्रॅटोक्रूझर विमानात. खाली पॅसिफिक महासागर आहे आणि दोन्ही किनारे दूर राहिलेत. विमान ऐसपैस, दोन मजली. गोल जिन्याने उतरलं की खाली बसायची बैठक. प्रवासी कोट-टाय घालून आलेत, जागेवर बसल्या बसल्या सिगारेट ओढताहेत. पडद्यांना, उशीला आणि एव्हाना तुमच्याही केसांना तो वास लागलाय. चार पंख्यांची घरघर रात्रभर हाडांत भिनत राहते. मधूनच कुणाचं बाळ किरकिरतं.

त्या घरघरीत मघाशी एक कर्कश किंकाळी घुसली, ती तुम्ही ऐकलीत. डाव्या टोकाच्या इंजिनाचा पंखा बेफाम सुटला होता. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी तेलाचा पुरवठा तोडून इंजिन अडकवलं, तरी पंखा वाऱ्यावर गरगरतच राहिला आणि विमानाला मागे खेचू लागला. पुढे उजव्या टोकाचं इंजिनही गेलं. आता दोन इंजिनांवर कॅलिफोर्निया गाठण्याइतकं इंधन नाही आणि माघारी हवाईला पोचण्याइतकंही नाही.

पण खिडकीतून खाली बघा. काळ्या पाण्यावर दिव्यांची एक ओळ दिसतेय ना? ती पॉन्चरट्रेनने मांडलीय. अमेरिकी तटरक्षक दलाचं हे जहाज भर समुद्रात ठरलेल्या जागी पहारा देत असतं. हवामान टिपायचं, वरून जाणाऱ्या विमानांना रेडिओवरून वाट दाखवायची, हे त्याचं रोजचं काम. आज त्यावरचे सगळे जण जागे आहेत, तुमच्यासाठी.

अंधारात लाटांची उंची कळत नाही. म्हणून ऑग थांबतात. जहाजाभोवती एक फेरी, मग दुसरी, मग आणखी एक. इंधन जळतंय, विमान हलकं होतंय, आणि हलकं विमान पाण्यावर जास्त वेळ तरंगेल. हे सगळं पटतं, तरी पोटातला गोळा जात नाही. मला विचाराल तर या रात्रीतलं खरं धाडस म्हणजे हे थांबणं. पाण्याकडे बघत तासन्‌तास गोल गोल फिरायचं आणि घाई करायची नाही. कुणी पुटपुटत प्रार्थना करतंय, कुणी शेजाऱ्याला आपल्या मुलांबद्दल सांगतंय. संध्याकाळी ज्याचं नावही ठाऊक नव्हतं, त्याचा हात तुम्ही धरून बसलाय आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. दोन-अडीच वर्षांच्या जुळ्या बहिणी आहेत विमानात. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून त्यांच्याकडेच जातात.

मागच्या रांगांतली माणसं पुढे सरकताहेत, तुम्हीही सरका. आदल्याच वर्षी असंच एक स्ट्रॅटोक्रूझर ओरेगॉनच्या किनाऱ्यापुढे पाण्यात उतरलं, तेव्हा त्याचं शेपूट तुटलं होतं. चार माणसं गेली. ऑग ते विसरलेले नाहीत.

क्षितिज करडं झालं. जहाजाने पाण्यावर फेसाचा पांढरा पट्टा आखून दिलाय, हीच तुमची धावपट्टी. सव्वासहा. डोकं खाली, उशी तोंडाशी, हात घट्ट!

पहिला दणका सोसता येतो. दुसरा मात्र घाटावर दगडावर धुणं आपटावं तसा बसतो. विमान गर्रकन फिरतं, नाकाकडचा भाग चेपतो, मागे काहीतरी कडाडतं आणि पाणी आत येतं. गार, खारट, तेलकट पाणी. शेपूट तुटलंय, पण तिथल्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

उठा! दाराकडे! पंखावर पाय घसरतो, रबराचा उग्र वास येतो, तराफ्यात कुणाची तरी कोपरं तुमच्या बरगड्यांत रुततात. एक तराफा नीट फुगलाच नाही, पण जहाजाच्या होड्या जवळ आल्यात आणि खलाशांचे दणकट हात काखेत घालून तुम्हाला वर ओढून घेताहेत. जुळ्या मुली आल्या. आत कुणी राहिलं नाही ना, हे बघून कॅप्टनही आले. एकतीसच्या एकतीस जण जिवंत आहेत. थोडं खरचटलंय, थोडा मुका मार लागलाय, बस.

वीसेक मिनिटांत विमान बुडतं. मालाच्या कप्प्यात कॅनरी पक्ष्यांची खोकी होती, ती त्याच्याबरोबर गेली. हे कळल्यावर गळा दाटून आला तर येऊ द्या. रात्रभर आवरून धरलेलं कुठेतरी निघायचंच.

जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला पोचायला काही दिवस लागतील. ओले कपडे बदला, पोटात काहीतरी गरम जाऊ द्या. आणि झोपायला खालचा बंक मागून घ्या. वरच्यात जहाजाचं डुलणं जास्त जाणवतं.