खाजकुहिली: उत्तर आधी, प्रश्न नंतर

खाजकुहिलीची वेल वर्धा जिल्ह्यातील रानांना नवी नाही. शेंगेवरची लव अंगाला लागली की खाजेने जीव नकोसा होतो. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून एल-डोपा हे द्रव्य वेगळे केले. ते कंपवातावर चालेल, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानी नव्हते.

उलगडा झाला तो दुसऱ्याच वनस्पतीमुळे. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. तिच्यातील रेसरपीन पुढे सर्वत्र वापरात आले. पण काही रुग्णांत त्याने कंपवातासारखीच लक्षणे उद्भवली! स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसरपीनने निश्चल झालेल्या प्राण्यांना डोपा टोचले, आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिनची उणीव हे कंपवाताचे मर्म पुढे काही वर्षांतच स्पष्ट झाले.

१९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी खाजकुहिलीचा कंपवाताच्या रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. म्हणून ‘बी खा, मेंदू वाचवा’ असे मात्र म्हणता येत नाही. एल-डोपा उणीव भरून काढते. मरणाऱ्या पेशी त्याने वाचतात, हे सिद्ध झालेले नाही. बियांतील इतर घटक तसे करतात का, हा शोध अजून प्रयोगशाळांत चालू आहे.